गुलबक्षी सदरा

छबूबाईच्या धाकट्या लेकाचं, रामचं, लग्न ठरलं आणि तिला पहिली आठवण झाली ती शिलाई मशीनची. मांडव, आचारी, बस्ता, मानपान हे सगळं थोरला गोरक्ष बघणार होता, आणि गोरक्षनं एकदा काम अंगावर घेतलं की त्यात दुसऱ्यानं डोकं घालायची गरज नसे. पण गोरक्षच्या दोन्ही पोरांचे लग्नातले कपडे मी शिवणार, आणि एकाच ताग्यातून शिवणार, हे छबूबाईनं सुपारी फुटली त्याच दिवशी सांगून टाकलं.

"एकाच ताग्यातून म्हणजे हो आत्या?" सून अश्विनी भाकरी थापता थापता म्हणाली.

मग छबूबाई पाट ओढून बसली. घर एकत्र होतं तेव्हा तिघी जावा आणि पोरांचा हा मेळा. दिवाळी आली की सासरे भिंगारच्या बाजारातून कापडाचा एकच तागा आणायचे. त्यातून पोरींचे झगे, पोरांचे सदरे, पाळण्यातल्याला टोपडं, आणि तरी उरलं तर उशीला अभ्रा. जत्रेत एखादं पोर चुकलं तर लोक कापड बघून म्हणायचे, हे गाडेकराचं दिसतंय, द्या नेऊन. सगळी पोरं ओळीनं बसली की फुलांचा ताटवा बसल्यासारखी दिसायची.

"तसं मला एकदा बघायचंय," छबूबाई म्हणाली. "आता दोनच हायेत, पन बघायचंय."

गोरक्ष दारात बसून फोनवर आचाऱ्याशी बोलत होता. गोष्ट सुरू झाली तसा तो फोन कानाला लावूनच उठला आणि गोठ्याकडं गेला. छबूबाईचं तिकडं लक्ष नव्हतं.

त्यांचं गाव करंजी घाटाच्या अलीकडं. नगरला जाणारी एसटी भिंगारवरून जाते, म्हणून कापडचोपड घ्यायचं तर भिंगारलाच, हा घरचा जुना रिवाज. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर छबूबाईनं दोन्ही पोरांना बरोबर घेतलं. दिशा चौथीत, समर्थ तिसरीत. दिशा मोठी खरी, पण समर्थ अंगानं थोराड. पाठीला पाठ लावून उभी केली तर कोण उंच ते सांगता येऊ नये. दिशा सडसडीत, पायाला भिंगरी असलेली. समर्थ गोलसर, सावकाश, एखादी गोष्ट आवडली की तिच्यापाशी बराच वेळ बसून राहणारा.

दुकान जुनंच होतं, गादीवर मात्र आता शेठचा मुलगा बसत होता. त्यानं तागे उलगडले. छबूबाईला रंग नावानिशी कळायचे. हा आमसुली, हा मोरपंखी, हा श्रीखंडी, हा चिंतामणी. एकेक नाव ती हळू म्हणे, पाहुण्याला हाक मारल्यासारखं. सातव्या की आठव्या ताग्याला दुकानदारानं हात झटकला आणि गादीवर एक सुती कापड पसरलं. त्याच्याआड दिवा लावल्यासारखं दिसत होतं ते.

समर्थनं त्याच्यावर हात ठेवला.

"ह्यो घ्यू?" छबूबाईनं विचारलं.

हात तसाच ठेवून समर्थ म्हणाला, "न्हाई. पिंक हाय त्यो."

"पिंक कशाचा? गुलबक्षी हाय. आपल्या न्हाणीमागं गुलबास फुलतो ना संध्याकाळी, त्येचा रंग."

"मग पिंकच की. पिंक पोरींचा असतो आजी."

"कोन म्हनलं?"

"सगळेच म्हनत्यात."

दिशा काउंटरला रेलून उभी होती. ती म्हणाली, "मला न्हाई आवडत पिंक. माझी वॉटरबॅग पिंक, कंपास पिंक, चप्पल पिंक, छत्री पिंक. मला निळं पायजे म्हनलं तर कोनी घेतच न्हाई."

दुकानदार हसला. "आजकाल असंच आहे आजी. गिऱ्हाईक दारात आलं की मी आधी विचारतो, मुलगा का मुलगी? मुलगा असला तर ह्या फळीवरचं, मुलगी असली तर त्या."

"आन फळीवर कोन लावतं?"

"मीच लावतो."

"मग तुलाच म्हाईत," छबूबाई म्हणाली आणि तिनं समर्थच्या हाताकडं पाहिलं. तो अजून कापडावरच होता. तिनं दोघांचं माप होईल एवढं गुलबक्षी कापड फाडून घेतलं.

दिवेलागणीला गोरक्ष संत्र्याच्या बागेतून आला. हातपाय धुऊन तो आत आला तेव्हा छबूबाई मशीनपुढं कापड पसरून खडूनं रेघा मारत होती. पोरं बाहेर खेळत होती.

"हे कुनाचं?"

"पोरांचं. दिशाला झगा आन समर्थाला सदरा."

गोरक्षनं कापडाचं टोक उचलून पाहिलं. मग म्हणाला, "दिशाला शिव आई. समर्थाला नको."

"का रं?"

"पोरं हसत्यात."

"हसू दे. तुमाला न्हाई का शिवलं मी? तू, तुझी ताई, चुलत्याची पोरं..."

"म्हनूनच सांगतोय."

त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. छबूबाईनं खडू ठेवला. गोरक्ष तिच्याकडं न बघता, कापडाचं टोक बोटाला गुंडाळत बोलत राहिला.

"पाचवीला मी हायस्कुलात गेलो. गनवेश शिवून यायचा हुता, तवर घरचे कपडे चालायचे. तू फुलाफुलाचा सदरा शिवला हुता. त्याच कापडाचा ताईचा झगा. ताई त्याच शाळेत सातवीला. पहिल्या दिवशी आमी दोघं बरोबर गेलो आन झालं. ह्यो गोरख न्हाई, गोदाबाई हाय म्हनाले. तवापसनं वर्षभर गोदाबाई. गुरुजींनी हजेरीला माझं नाव घेतलं का मागनं कोनतरी बायकी आवाजात हजर म्हनायचं. गनवेश आला तरी गोदाबाई गेली न्हाई."

"कोन म्हनायचं?"

"सगळीच. कल्याननं काढलं हुतं नाव."

कल्याण म्हणजे त्यांचा शेजारी, गोरक्षचा लहानपणापासूनचा दोस्त. रामच्या लग्नात फेटे बांधायचं काम त्यानंच घेतलं होतं.

"तू मला कधी बोलला न्हाई," छबूबाई म्हणाली.

"काय बोलनार? दिवसभर शेतात राबून तू कंदिलापुढं शिवत बसायची. तुला कसं सांगायचं, का त्यो सदरा मला नको हाय?"

गोरक्ष बाहेर गेला. छबूबाई मशीनपाशी बसून राहिली. ताग्याची ही गोष्ट तिनं किती लग्नांत, किती दिवाळ्यांत, किती पाहुण्यांपुढं हौसेनं सांगितली होती! आणि दर वेळी ती सुरू झाली की गोरक्षला काहीतरी काम आठवायचं. बैलाला पाणी दाखवायचं राहिलं, मोटर बंद करायची राहिली. तिला वाटायचं, पोरगा कामसू आहे. आज तिला कळलं, तो कामाला जात नव्हता, गोष्टीतून उठून जात होता.

दुसऱ्या दिवशी तिनं अश्विनीला सांगितलं, समर्थला तयार कपडे घ्या. अश्विनीनं नगरहून निळी जोधपुरी आणली. पितळी बटणं, उभी कॉलर, छातीवर खिसा, आतून अस्तर. समर्थनं ती घालून पाहिली, चांगली आहे म्हणाला आणि काढून ठेवली. दिशा मात्र जोधपुरीभोवती घुटमळली. बटणं तिनं एकेक मोजून पाहिली, कॉलरला हात लावला आणि छबूबाईकडं वळली.

"आजी, मला झगा नको."

"आता तुला काय झालं?"

"झगा पायात येतो. पळता येत न्हाई. आन झग्याला खिसे नसत्यात."

छबूबाई विचारात पडली. एवढे झगे शिवले, पण एकाही झग्याला तिनं खिसा लावला नव्हता. का नाही लावला म्हणून आठवायला गेली, तर उत्तर सापडेना. तिच्या सासूनं लावला नव्हता, एवढंच.

"मग काय शिवू?"

"सदरा. दोन खिसे. मोठे. आन पायजमा."

"रंग ह्योच हाय बरं का."

"चालंल," दिशा नाइलाजानं म्हणाली. "पन खिसे पायजेत."

तेव्हा गुलबक्षी कापडातून दिशाचा सदरा बेतला गेला, वाढत्या अंगाला चालावा असा ऐसपैस. आणि नवल असं, की मशीन सुरू झालं की समर्थ कुठूनतरी येऊन जवळ बसायचा. छबूबाईला आताशा सुईत दोरा ओवता येत नव्हता, तो ओवून द्यायचा. ती काजं करायला बसली की कापड ताणून धरायचा. कापड धरलं की त्याचा अंगठा आपोआप त्याच्यावरून फिरायचा, वासराच्या कपाळावरून फिरावा तसा.

"आवडतो व्हय रं?" एकदा तिनं विचारलं.

समर्थनं आधी दाराकडं पाहिलं. मग मान हलवली.

"मग पप्पाला सांग की."

"पप्पाला न्हाई आवडत."

"तुला कोन म्हनलं?"

"मला म्हाईती हाय."

एकीकडं लेकाचं जुनं दुखणं आणि दुसरीकडं नातवाची हौस. कुणाची बाजू घ्यावी? गोरक्षला आपण न विचारता घातलं आणि ह्याच्या अंगावरून न विचारता काढून घेतलं. दोन्ही वेळा पोराला कुणी विचारलंच नाही. पण हे गोरक्षपुढं बोलायला तिची जीभ उचलेना. एकदा ती त्याच्यापर्यंत गेलीही. तो मांडववाल्याशी घासाघीस करत होता. तिला पाहून म्हणाला, "काय गं आई?" ती म्हणाली, "काय न्हाई. जेवून घे."

लग्न वैशाखातलं, मुहूर्त दुपारचा, मांडव दारातच. आदल्या दिवशी हळद झाली आणि घर पाहुण्यांनी भरून गेलं. लग्नाच्या सकाळी अंगणात नुसती धांदल. चुलाणावर बुंदीचा वास, स्पीकरवर सनई, आणि ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्चीपाशी कल्याणचं दुकान. शेजारी गुलाबी फेट्यांचा ढीग. एकेक गडी येऊन खुर्चीत बसे, कल्याण त्याच्या डोक्याभोवती कापड फिरवे, निऱ्या बसवे, तुरा काढे आणि पाठीवर थाप मारून उठवी. काका झाले, मामा झाले, नवरदेवाचे मित्र झाले. उन्हानं रापलेले, मिशांचे, पोटं सुटलेले असे सगळे पुरुष डोक्यावर गुलाबी रंग मिरवत अंगणात फिरत होते आणि आपापल्या फोनमध्ये स्वतःला बघत होते.

छबूबाई ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्यात आली तेव्हा खुर्चीत गोरक्ष बसला होता. अर्धा फेटा बांधून झाला होता. आणि त्याच्यापुढं दोन्ही पोरं येऊन उभी राहिली.

छबूबाईनं ताट घट्ट धरलं. दिशाच्या अंगात निळी जोधपुरी होती, पितळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. समर्थच्या अंगात गुलबक्षी सदरा. जराही ढगळ नाही की आखूड नाही. माप त्याचंच घेतलं होतं म्हणावं. केस ओले करून विंचरले होते. समर्थ गोरापान नव्हता, सावळाच होता, पण त्या रंगानं त्याचा चेहरा उजळून निघाला होता.

"हे काय?" गोरक्ष उठू लागला.

"हलू नको!" कल्याणनं त्याचं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं. "निऱ्या सुटतील."

गोरक्षला मान वळवता येईना, उठता येईना. बसल्या जागेवरून तो म्हणाला, "समर्था, तुझी जोधपुरी कुठाय?"

"माझ्या अंगात," दिशा म्हणाली.

"आन तुझा सदरा?"

"त्येच्या अंगात. आमी अदलाबदली केली."

"कोनाला इचारून?"

दिशानं समर्थकडं पाहिलं, समर्थनं दिशाकडं.

"एकमेकाला," दिशा म्हणाली.

ओसरीवरचे दोघेतिघे हसले. गोरक्ष हसला नाही. समर्थची मान खाली गेली होती, पण तो पळाला नाही. त्यानं हळूच वर पाहिलं, बापाच्या चेहऱ्याकडं, आणि मग त्याच्याही वर.

"पप्पा," तो म्हणाला, "तुमच्या डोक्याला बी त्योच रंग हाय."

मग कल्याण म्हणाला, "खरंच की रं! नवरदेवाला गुलाबी, मामाला गुलाबी, आख्ख्या मांडवाला गुलाबी, आन ह्या एकट्यालाच बंदी व्हय?"

"तू बोलूच नको," गोरक्ष म्हणाला. त्याचा आवाज एकदम कोरडा झाला. "तूच म्हनायचा ना मला गोदाबाई?"

"कोन गोदाबाई?"

"पाचवीला. माझा फुलाचा सदरा हुता. वर्षभर म्हनत हुतास."

कल्याणचे हात थांबले. फेट्याचं टोक त्याच्या मुठीत तसंच राहिलं. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या आणि मनापासून आठवायचा प्रयत्न केला. छबूबाईला दिसत होतं, तो ढोंग करत नव्हता.

"न्हाई रं," तो शेवटी म्हणाला. "मला कायच आठवत न्हाई. फुलाचा सदरा बी आठवत न्हाई. पाचवीचं म्हनशील तर मला एवढंच आठवतं, का तू रोज डब्यात शेंगादान्याची चटनी आनायचा आन मी ती खायचो."

गोरक्षनं त्याच्याकडं वर पाहिलं. इतकी वर्षं जे त्यानं उराशी धरून ठेवलं होतं, ते ज्यानं दिलं त्यानं कधीच शाळेच्या फाटकाबाहेर टाकून दिलं होतं. छबूबाईला वाटलं, आता हा चिडणार. त्याचा चेहरा तसा झालाही. मग त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला, आणि तो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून. खुर्ची हलली, फेटा हलला, निऱ्या सुटल्या.

"वर्षभर माझी चटनी खाऊन मलाच गोदाबाई!"

"म्हनलो असंल बाबा," कल्याण ओशाळून म्हणाला. "आठवत न्हाई, पन म्हनलो असंल तर लई वाईट केलं मी." आणि सुटलेलं कापड गोळा करत, "आता पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागंल. गप बस."

गोरक्ष गप बसला. डोळे पुसून त्यानं समर्थला जवळ ओढलं, त्याच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली, वरचं बटण लावलं. शिवण नीट बसलीय का ते बघावं तसं खांद्यावरून बोट फिरवलं.

"टोचत न्हाई ना?"

"न्हाई. लई मऊ हाय."

"मग ठीक हाय," गोरक्ष म्हणाला.

दिशाला एवढ्यावर भागणार नव्हतं. "मला पन फेटा पायजे," ती म्हणाली.

ओसरीच्या टोकाला छबूबाईचे एक चुलत दीर बसले होते, भावकीतले सगळ्यात वडीलधारे. ते मघापासून बघत होते. काठी आपटून म्हणाले, "पोरीला फेटा, पोराला झगा. काय काळ आला म्हनायचा!"

"झगा न्हाई भाऊजी, सदरा हाय," छबूबाई उंबऱ्यातून म्हणाली. "मी शिवलाय. आन तुमच्या डोक्यावर त्योच रंग हाय, तुमाला लई खुलून दिसतोय."

म्हाताऱ्यानं आपल्या फेट्याला हात लावून पाहिला, तुरा चाचपला. "खरंच दिसतोय का?" त्यांनी विचारलं.

"लई!"

म्हातारा तुरा सावरून बसला. कल्याणनं दिशाला खुर्चीत बसवलं. "पोरींना बी बांधतो की मी आताशा," तो म्हणाला. "शिवजयंतीला सगळ्यात जास्त फेटे पोरींचेच असत्यात." तिच्या दोन वेण्या त्यानं आत दाबून बसवल्या. फेटा बांधून झाल्यावर ती खाली उतरली आणि सरळ मांडवात पळाली. तिला नवरदेवाच्या घोडीपुढं चालायचं होतं.

अश्विनीला हा सगळा प्रकार कळला तेव्हा पारण्याची, म्हणजे नवरदेवाच्या मिरवणुकीची, वेळ झाली होती. ती साडीचा घोळ सावरत बाहेर आली, दोघांना बघून कपाळाला हात लावला आणि लगेच हसली. "आत्या, तुमचं काम का हे?"

"देवाशपथ न्हाई," छबूबाई म्हणाली. "ह्यांचं ह्यांनीच केलं."

"तरी म्हटलं, काल हळदीच्या गडबडीत दोघं कोठीत दार लावून काय करत होती." तिनं समर्थकडं पुन्हा एकदा नीट पाहिलं. "पण रंग काय खुललाय हो त्याला."

वाजंत्री लागली, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. गोरक्ष दिवसभर धावपळ करत होता, पण छबूबाईच्या लक्षात आलं, की मधूनमधून त्याची नजर समर्थला शोधायची. पोरांच्या घोळक्यात तो कुठं आहे, कोण त्याच्याकडं बघतंय, कोण हसतंय. इतक्या वर्षांची सवय एका हसण्यानं जाणार थोडीच. पंगतीत समर्थच्या बाजूला त्याच्याच वर्गातला एक पोरगा बसला होता. तो सदऱ्याकडं बघून काहीतरी बोलला, तेव्हा वाढता वाढता गोरक्षच्या हातातला पळा थांबला. पण त्या पोराला समर्थच्या पानातली बुंदी हवी होती. समर्थनं दिली. गोरक्ष पुढच्या पानाकडं वळला.

नवी सून ज्ञानेश्वरी घरात आली. दोनचार दिवस पाहुणे होते, मग तेही गेले. मांडव उतरला. जोधपुरी आणि सदरा धुऊन दोरीवर वाळत पडले, आणि घडी करताना अश्विनीनं कोणता कोणाच्या कप्प्यात ठेवायचा म्हणून विचारलं. दिशा म्हणाली, निळा माझा. समर्थ म्हणाला, गुलबक्षी माझा. तो आता पिंक म्हणत नव्हता. रंग एकच, पण आजीचा शब्द त्याला जास्त आवडला असावा.

पाऊस पडून गेला, तुरी वितभर झाल्या, आणि श्रावणात समर्थचा वाढदिवस आला. शाळेत त्या दिवशी गणवेश नसला तरी चालतो. सकाळी आंघोळ करून त्यानं तोच सदरा काढला.

गोरक्ष चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली. "शाळेत घालतोस?"

"व्हय."

"बघ बरं," गोरक्ष म्हणाला. पेढ्यांचा पुडा त्यानं समर्थच्या हातात दिला आणि फाटकापर्यंत बरोबर गेला. परत आल्यावर मात्र त्याचं कामात मन लागेना. फवारणीचा पंप भरून ठेवला आणि तो बागेत गेलाच नाही. कधी गोठ्यात, कधी ओट्यावर. शाळा सुटायच्या वेळेला तो रस्त्याकडं तोंड करून दारातच बसला. छबूबाई शेंगा फोडत होती.

समर्थ आला. सदऱ्यावर धुळीचे पट्टे, एका कोपराला माती, केस विस्कटलेले.

"काय झालं?" गोरक्ष उभा राहिला.

"कुठं काय?"

"कोनी काय म्हनलं का? सदऱ्याला?"

"म्हनले की."

"काय म्हनले?"

"पिंक, पिंक, म्हनले."

"मग?"

"मग मी म्हनलो, गुलबक्षी हाय. तर ते म्हनले, म्हंजी काय? मग मी सांगितलं. मग घंटा झाली."

"आन मग?"

"मग मधल्या सुट्टीत कबड्डी खेळलो." समर्थनं दप्तर ओट्यावर टाकलं. "मी तिघांना धरलं. पप्पा, भूक लागली."

"रडू न्हाई ना आलं?"

समर्थनं बापाकडं असं पाहिलं, की जणू त्यानं भलतंच काही विचारलं होतं. "कशाला रडू यील?" तो म्हणाला आणि आईला हाक मारत आत गेला.

गोरक्षनं ओट्यावरचं दप्तर उचलून आत ठेवलं. मग तो छबूबाईशेजारी येऊन बसला, तिच्या सुपातल्या मूठभर शेंगा उचलल्या आणि फोडू लागला. निम्मे दाणे सुपात, निम्मे तोंडात.

"चटनीच्या हायेत त्या," छबूबाई म्हणाली.

"आसू दे गं," गोरक्ष म्हणाला आणि आणखी मूठभर घेतल्या. ऊन उतरत होतं, बागेत जायला अजून वेळ होता. दोघं मायलेकं शेंगा फोडत बसली.